हलवायाच्या दुकानातला धूर

एका गावात रामलिंग नावाचा हलवाई आणि त्याची बायको गोदाक्का राहत होती. देवीच्या यात्रेला नैवेद्याचे पेढे त्यांच्याच दुकानातून जात.

यात्रेला आठ दिवस उरले असताना मागच्या खोलीत भट्टीजवळ आग लागली. गावकऱ्यांनी धावून ती विझवली. एक फळी आणि पडदा तेवढा जळाला.

"थोडक्यात निभावलं!" म्हणत रामलिंगने ओल्या फडक्याने भिंत पुसली. काजळी निघायची सोडून आणखीच फासली गेली. मग त्याने चुन्याचे दोन हात मारले. भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या.

तिसऱ्या दिवशी चुन्यातून पिवळे डाग वर आले. पहिल्या घाण्याचा पेढा गोदाक्काने तोंडात टाकला आणि ती थबकली.

"अहो, याला धुराचा वास येतोय."

"वेलदोडा जास्त घालू. कुणाला कळतंय!"

गोदाक्काने मात्र साखर हुंगली, तर वास तिलाच होता. तिला वेगळंच कोडं पडलं. आग मागे लागली होती, साखर तर पुढच्या बंद कपाटात होती. मग वास साखरेत शिरला कसा? ती फळ्या, फटी, डबे हुंगत फिरली आणि शेवटी जन्मभर भट्ट्या लावलेल्या अंबू कुंभारणीला घेऊन आली.

अंबूने कपाटाच्या आतून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"तापलेला धूर गार, बंद जागा शोधतो," ती म्हणाली. "काजळी तेलकट असते. आधी कोरड्या ब्रशाने झाडायची, वरून खाली. मग साबणाच्या पाण्याने धुवायचं. चुना त्यानंतर. आणि उघडी साखर टाकून द्यायची."

"यात्रेआधी होईल?" रामलिंगने विचारलं.

"नाही."

रामलिंगने त्या काळ्या बोटाकडे पाहिलं. मग देवळात जाऊन पुजाऱ्याला म्हणाला, "यंदा पेढे माझ्याकडून नकोत. मालाला धुराचा वास लागलाय."

त्या वर्षी देवीला गूळखोबरं दाखवलं. नवरा-बायको महिनाभर छतापासून उंबऱ्यापर्यंत झाडत, धूत राहिले.

दुकान उघडलं त्या दिवशी रामलिंगला वाटलं, आता कोण येणार? पण पहिला पुजारीच आला.

"आधी हुंगून बघा," रामलिंग म्हणाला.

"तुझा माल हुंगायची गरज नाही," पुजारी म्हणाला. "शेरभर दे."

तात्पर्य एवढंच: दोष झाकला की तो पुन्हा वर येतो, कुठवर पसरलाय ते शोधून धुतला, तरच जातो.