माळावरची अकरा नावं

लहानथोर ऐकणाऱ्यांनो, ही गोष्ट फार जुन्या काळातली आहे. एका नदीला मोठा पूर आला आणि काठावरचं एक गाव वाहून गेलं. वाचलेली तेरा कुटुंबं हाती लागेल ते घेऊन चढण चढली आणि वरच्या ओसाड माळावर येऊन थांबली. पुढे ज्याला सगळे विद्येचं गाव म्हणू लागले, त्याची सुरुवात ही अशी झाली.

पहिला हिवाळा फार वाईट गेला. अंगावर पांघरूण नव्हतं, डोक्यावर छप्पर नव्हतं. तापाची साथ आली आणि दोन महिन्यांत अकरा लेकरं गेली. माळावरची काळी जमीन पेरणीसाठी राखायची होती. म्हणून लोकांनी उगवतीकडच्या मुरमाड तुकड्यात खड्डे खणले आणि लेकरांना तिथे पुरलं. मुरूम कठीण होता. एकेका खड्ड्याला अर्धा दिवस लागे.

त्या लेकरांत ठकूबाईची मंजुळा होती. सहा वर्षांची.

गावाचा पुढारी होता हैबती नाईक. अकरावं लेकरू पुरून झालं, तेव्हा त्याने सगळ्यांना जमवलं आणि सांगितलं, "आजपासून गेलेल्यांचं नाव कुणी काढायचं नाही. रडत बसलो तर उरलेले जगणार नाहीत."

लोकांनी ऐकलं. त्यांनी औत धरलं, झोपड्या उभ्या केल्या. दोन पावसाळ्यांत त्या तुकड्यावर गवत माजलं आणि खुणा बुजून गेल्या. एकट्या ठकूबाईने तेवढं आपल्या मंजुळेच्या जागी दगडांचं एक गोल आळं रचलं होतं. रोज शेळ्या चारून परतताना ती तिथे घटकाभर बसायची. कुणी काही विचारायचं नाही, तीही काही बोलायची नाही.

अशी सात वर्षं गेली. गाव जगलं, पण रुजलं नाही. त्या माळाकडे ना कुठली वाट यायची, ना तिथे बाजार भरायचा. चार कुटुंबं कंटाळून निघून गेली आणि बाकीचीही जायच्या गोष्टी बोलू लागली.

तेवढ्यात एक आचार्य आपल्या शिष्यांना घेऊन तिथे आले. बैलांच्या पाठीवर पोथ्या होत्या. त्यांना विद्यालयासाठी निवांत जागा हवी होती.

नाईकाला वाटलं, देवच पावला. विद्यालय झालं की माणसं येतील, वाट पडेल, गाव टिकेल. तो म्हणाला, "गुरुजी, हवी ती जागा घ्या. शिष्यांच्या भाकरीचं आम्ही बघू."

आचार्यांनी सगळा माळ फिरून पाहिला. काळ्या मातीत भिंती तडकतात, हे त्यांना ठाऊक होतं. पाया धरील अशी जमीन एकच होती, तो उगवतीकडचा मुरमाड तुकडा. त्यांनी तिथे दोरी धरली, तेव्हा मधोमध दगडांचं आळं दिसलं.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," नाईक म्हणाला. "गुराख्यांनी खेळता खेळता मांडलं असेल."

संध्याकाळी ठकूबाई शेळ्या घेऊन परतली, तर आळं जागेवर नव्हतं. शिष्यांनी ते दगड उचलून पायासाठी आणलेल्या ढिगात टाकले होते. ती ओरडली नाही. शेळ्या तशाच सोडून ती ढिगापाशी बसली आणि एकेक दगड निवडून बाजूला ठेवू लागली. सात वर्षं हात फिरवलेले दगड तिला बरोबर ओळखू येत होते.

आचार्य जवळ आले. "बाई, काय शोधताय?"

"माझी पोर आहे तिथं," ठकूबाई खाली मान घालूनच म्हणाली. "तिच्यावरचं छप्पर काढलंत तुम्ही."

आचार्यांनी शिष्यांना हाक मारली, कुदळी खाली ठेवायला लावल्या आणि सगळे दगड होते तसे परत मांडायला सांगितले. काम थांबलं.

झालं! सगळं गाव ठकूबाईवर उलटलं. दुसऱ्या दिवशी ती विस्तव मागायला शेजारी गेली, तर शेजारणीने दार ओढून घेतलं. पाणवठ्यावर बाया तिच्यापासून दूर सरल्या. दोन दिवस तिची चूल पेटली नाही. तिला वाटलं, आपणच चुकलो की काय? एका मेलेल्या पोरीसाठी आपण जित्या गावाचं नुकसान तर करत नाही ना? पण डोळे मिटले की तिला मंजुळेचे थंडीने काकडलेले हात दिसत. मग तिला दुसरं काही सुचत नसे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आचार्यांनी पोथ्या बैलांवर चढवायला घेतल्या. नाईक धावत आला. मागोमाग सगळं गाव आलं.

"गुरुजी, जाऊ नका," नाईक विनवू लागला. "ठकूला आम्ही समजावतो."

"मी त्या बाईमुळे जात नाही," आचार्य म्हणाले. "तुम्ही मला खोटं सांगितलंत म्हणून जातो. खोट्यावर पाया घालून मी मुलांना काय शिकवू?"

नाईकाचा चेहरा उतरला. मग तो ठकूबाईकडे वळून कडाडला, "बघितलंस? एका पोरीपायी सगळ्या गावाचं वाटोळं करतेस तू!"

ठकूबाई पुढे आली. तिचा आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"एक नाही, नाईक. अकरा."

ती गवतात शिरली. चार पावलं चालून थांबली. "रखमे, इथं तुझी सुंद्री. उत्तरेला डोकं केलं होतं." आणखी तीन पावलं गेली. "इथं कोंडाजीची दोन्ही पोरं, एकाच खड्ड्यात. खणायला बळ नव्हतं उरलं कुणात." ती एकेका जागी थांबत गेली आणि एकेक नाव घेत गेली. त्या हिवाळ्यात प्रत्येक लेकराला शेवटचं पाणी घालायला तीच गेली होती. लोकांनी विसरायचा प्रयत्न केला होता. तिने केला नव्हता.

रखमा सगळ्यांत आधी हलली. ती गवतात जाऊन खाली बसली आणि जमिनीवर हात ठेवून हुंदके देऊ लागली. मग कोंडाजी गेला. मग एकेक करून सगळे गेले आणि आपापल्या लेकरांच्या जागी उभे राहिले. सात वर्षं दाबून ठेवलेलं रडं त्या सकाळी माळावर मोकळं झालं.

नाईक तेवढा बाजूला उभा होता.

"नाईक," ठकूबाई हळूच म्हणाली, "हा तुमचा दौलती. आणि त्याच्या पायाशी तान्हा."

"गप बैस," नाईक म्हणाला. पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. तो चालत आला आणि मटकन खाली बसला. "मला ठाऊक होतं गं. म्हणून तर इकडे फिरकत नव्हतो. त्या वेळी नावं काढली असती, तर मलाच औत धरवलं नसतं. माझं मलाच सावरत नव्हतं, म्हणून सगळ्यांची तोंडं बंद केली."

आचार्यांनी बैलावरची झोळी उतरवली. कोरं ताडपत्र आणि लेखणी काढून ते गवतात मांडी घालून बसले. "सांगा," ते म्हणाले. लोक नावं सांगत गेले, ते लिहीत गेले. दहा नावं झाली.

"तान्ह्याचं नाव काय?"

नाईकाने मान हलवली. "बारसं व्हायच्या आधीच गेला. नाव नाही त्याला."

"आहे," मागून त्याची बायको, नाईकीण बोलली. इतकी वर्षं तिने या गोष्टीवर तोंड उघडलं नव्हतं. "मल्हारी. मी रोज हाक मारते त्याला. मनातल्या मनात."

नाईक तिच्याकडे बघत राहिला. एका घरात राहून हे त्याला माहीत नव्हतं. आचार्यांनी अकरावं नाव लिहिलं.

शेवटी ठकूबाई म्हणाली, "गुरुजी, आता बांधा. तेवढी जागा सोडून बांधा. आमची पोरं शिकली नाहीत, दुसऱ्यांची शिकताना तरी त्यांच्या कानावर पडेल."

मग विद्यालय बांधलं गेलं. लेकरांच्या त्या सगळ्या जागा टाळायच्या म्हणून भिंत कोपरासारखी वळवावी लागली. गावातला प्रत्येक माणूस त्या कामावर राबला आणि नाईकाने सगळ्यांत जड दगड वाहिले. ठकूबाईच्या दारात विस्तव घेऊन शेजारीण स्वतः आली आणि उंबऱ्यात बसून रडली. नव्या शिष्याला पहिला पाठ असे तो त्या ताडपत्राचा. अकरा नावं वाचायची आणि मगच अक्षरं गिरवायला घ्यायची.

पुढे विद्यालयाची कीर्ती दूरवर गेली आणि मोठमोठ्या घरची मुलं तिथे शिकायला आली. एका वर्षी त्यांच्यातच तापाची साथ शिरली. वाटसरू सांगू लागले, "पळा, जीव वाचवा!" पण गावातलं एकही माणूस हललं नाही. प्रत्येक घराने एकेक आजारी शिष्य आपल्या घोंगडीवर आणून निजवला. ठकूबाई आता म्हातारी झाली होती, तरी काढ्याचं भांडं घेऊन घरोघर फिरत राहिली. त्या साथीत एकही मूल दगावलं नाही.

एका शिष्याचा बाप लांबच्या मुलखातून धावत आला, तेव्हा नाईकीण त्याच्या मुलाला पेज भरवत होती. त्याने हात जोडून विचारलं, "आई, तुमचं आमचं नातं काय, की एवढं केलंत?"

नाईकीण म्हणाली, "आमची लेकरं गेली तेव्हा करायला आमच्या हाती काही नव्हतं, बाबा. आता आहे."

तो बाप तिथेच राहिला. त्याच्यामागून आणखी माणसं आली, वाट पडली, बाजार भरू लागला. नऊ घरांची शंभर घरं झाली आणि माळ सोडून जायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

म्हणून लक्षात ठेवावं: आपल्या आधी त्या जागी ज्यांनी सोसलं त्यांना मान देऊन जे उभं राहतं, तेच टिकतं आणि तेच दुसऱ्यांना आधार देतं.