पळत्या पाण्याचा धक्का

एका उंच डोंगरमाथ्यावर कोंढगड नावाचं नगर होतं. नगरात बाजार होता, देवळं होती, धान्याने भरलेली कोठारं होती. पाणी मात्र नव्हतं. बायका पहाटे दरीतल्या ओढ्यावर उतरत आणि डोईवर हंडे घेऊन ऊन तापायच्या आत वर येत. ज्यांच्या घरी उतरणारं कुणी नसे, अशा म्हाताऱ्यांना शेजाऱ्यांच्या तांब्याभर पाण्यावर दिवस काढावा लागे.

दरीपलीकडच्या डोंगरावर एक तळं होतं. राजाच्या पदरी केसोपंत नावाचे जलशास्त्री होते. त्यांनी दोन्ही डोंगरांची उंची ताडून पाहिली आणि दरबारात सांगितलं, "तळं आपल्या नगराहून उंचावर आहे. तिथून बंद नळ काढू. पाणी दरीत उतरेल आणि अलीकडे आपणहून वर चढेल."

"पाणी कधी डोंगर चढतं का, पंत?" प्रधान म्हणाले. सगळा दरबार हसला.

पंतांनी एक वाकवलेली तांब्याची नळी मागवली. तिच्या एका तोंडातून पाणी ओतलं. ते खाली उतरलं आणि दुसऱ्या तोंडाशी वर आलं. मग कुणी हसलं नाही.

नळ घडवायचं काम उमाक्काकडे आलं. ती कुंभारवाड्याची कारभारीण होती. पंतांनी तिला सांगितलं, "आक्का, दरीच्या तळाशी पाण्याचा भार सगळ्यात जास्त पडणार. तिथले नळ जाड हवेत." किती जाड, तेही त्यांनी हिशेब करून दिलं. उमाक्काने ते त्याहून बोटभर जास्तच जाड केले आणि भट्टीत चांगले खरपूस भाजले. सबंध उन्हाळा कुंभारवाडा मातीत हात घालून बसला होता.

नळ जोडून झाले. सोहळ्याच्या आदल्या दिवशी पंतांनी नगरातल्या हौदावरची झडप बंद ठेवून सगळा नळ पाण्याने भरला. दरीत जाऊन एकेक सांधा हाताने चाचपला. कुठे थेंबही गळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी राजाने साखळी ओढून लोखंडी झडप उचलली. पाणी धो धो हौदात पडू लागलं. लोक नाचले. एक म्हातारे आजोबा हौदाच्या कडेला बसून नुसते ओंजळीत पाणी घेत होते आणि सोडत होते. हौद काठोकाठ भरला, तेव्हा राजाने आनंदाच्या भरात साखळी सोडून दिली. झडप धाडकन खाली पडली.

त्याच क्षणी दरीतून तोफेसारखा आवाज आला.

तळाचे नळ फुटले होते. पाण्याच्या लोंढ्याने दरीतल्या एका मेंढपाळाची झोपडी वाहून गेली. तो बायकापोरांसह सोहळा बघायला वर आला होता, म्हणून जीव वाचले.

"कुंभारांनी कच्चे नळ दिले," प्रधान म्हणाले. राजाचा चेहरा संतापाने लाल झाला. "ज्यांच्या निष्काळजीपणाने एक घर गेलं, त्यांना या नगरात जागा नाही. कुंभारवाडा रिकामा करा."

केसोपंत तिथेच उभे होते. त्यांच्या हिशेबाकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. तेही काही बोलले नाहीत.

त्या दिवशी संध्याकाळी उमाक्का त्यांच्या दारात आली. ती रडत नव्हती.

"पंत, मी गयावया करायला आले नाही. एक विचारायला आले. माझे नळ कच्चे असते, तर काल भरले तेव्हाच फुटायला हवे होते. सकाळभर पाणी वाहत होतं, तेव्हाही फुटले नाहीत. झडप पडली आणि फुटले. उभ्या पाण्याला जो नळ पुरून उरला, तो पळत्या पाण्यापुढे का हरला?"

 

"आक्का, तुमचा प्रश्न खरा आहे," पंत म्हणाले. "उत्तर शोधायला मला थोडा वेळ द्या."

ते तसेच दरीत उतरले. फुटलेल्या नळांचे तुकडे हातात घेऊन पाहिले. माती आतपर्यंत लाल भाजलेली होती. खोट नव्हती. समोर तोच मेंढपाळ उतारावरून मेंढरं वाड्यात आणत होता. काही मेंढरं आत गेली आणि त्याने फाटक झटक्यात ओढून घेतलं. पुढची मेंढरं थांबली. पण मागचा सगळा कळप पळतच होता. तो पुढच्यांवर येऊन आदळला आणि कुंपण कडाकडा मोडलं.

पंत जागच्या जागी उभे राहिले. मग त्यांनी मेंढपाळाला कुंपण उभं करायला हात दिला आणि घाईघाईने डोंगर चढू लागले.

सकाळी ते दरबारात गेले. "महाराज, नळ कच्चे नव्हते. माझा हिशेब अपुरा होता. उभ्या पाण्याचा भार मी मोजला होता. पण तळ्यापासून नगरापर्यंतचं सगळं पाणी पळत असताना त्याला एकदम अडवलं, तर मागून येणारा धक्का त्या भाराहून कितीतरी मोठा असतो. तो मी धरलाच नव्हता."

"म्हणजे नळ महाराजांनी फोडला, असं म्हणायचं आहे तुम्हाला?" प्रधानांनी विचारलं.



"झडप मी सोडली असती तरी हेच झालं असतं," पंत म्हणाले. "ती सावकाश उतरवा, हे सांगणं माझं काम होतं. सांगणार कसं, मलाच ठाऊक नव्हतं. शिक्षा करायची असेल तर मला करा. कुंभारवाड्याचा यात काही दोष नाही."

राजा सिंहासनावरून उठला. मग म्हणाला, "दाखवा."

त्याच भट्टीतले उरलेले नळ दरीत बसवले गेले. पाणी सोडलं. पंतांनी झडप वितीवितीने खाली उतरवली. काही झालं नाही. पुन्हा पाणी सोडलं, आणि या वेळी माणसं दूर करून झडप एकदम पाडली. नळ फुटला. राजा दरीच्या काठावर उभा राहून स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होता.

तो पंतांकडे वळला. "रागाच्या भरात मी एक अख्खी वस्ती उठवणार होतो. तुम्ही मला त्या पापातून वाचवलंत. तुमचे उपकार आहेत माझ्यावर." त्याने हुकूम मागे घेतला, उमाक्कासमोर हात जोडले आणि मेंढपाळाला नवं घर बांधून दिलं.

मग पंत आणि उमाक्का पुन्हा कामाला लागले. दरीत नवे नळ बसवले. झडपेला मळसूत्र लावलं. आता ती फिरवत फिरवतच बंद करावी लागे, कितीही घाई असली तरी. झडपेच्या आधी नळाला जोडून एक पोकळ, उघड्या तोंडाचा उंच मनोरा उभारला, म्हणजे पळतं पाणी अडलंच तर त्याला वर उसळायला जागा मिळेल. मनोरा किती उंच हवा, ते पंतांनी काढलं. एवढा भार पेलणाऱ्या विटा कशा भाजायच्या, ते उमाक्काने ठरवलं. दोघांचे वाद रोज होत. पण एकाने "असं का?" विचारलं की दुसरा हातातलं काम ठेवून विचार करी.

पुन्हा सोहळा झाला. हौद भरल्यावर राजा मळसूत्र हळूहळू फिरवत राहिला. पोरं कंटाळून जांभया देऊ लागली. मनोऱ्यात पाणी थोडं वर चढलं, खाली आलं, पुन्हा चढलं आणि शांत झालं. दरीतून कसलाही आवाज आला नाही.

उमाक्काने पहिला तांब्या भरून पंतांपुढे धरला.

"हा मान तुमचा, आक्का," पंत म्हणाले.

"पंत, तुम्ही गप्प बसला असता, तर आमची चूल आज परक्या मुलखात असती. तुमचं ऋण फिटायचं नाही."

"आणि तुम्ही विचारलं नसतं, तर मी जन्मभर अर्धंच शास्त्र पुरं समजून बसलो असतो. तुमचं ऋण कसं फेडू?"

त्यांनी तांब्या घेतला, अर्धा प्यायले आणि उरलेला तिच्या हाती दिला. उमाक्काने तो तिथेच रिकामा केला.

तात्पर्य: आपल्या ज्ञानातली उणीव दाखवणारा प्रश्न हा आपल्यावरचा उपकार असतो, तो विचारणाऱ्याचे आभार मानावेत, आणि खरं उत्तर सापडलं की ते स्वतःच्या विरुद्ध जात असलं तरी उघडपणे सांगावं.