सारसाच्या पाठीवरच्या वाढीव ओळी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा पाखरं माणसांशी बोलत आणि माणसं त्यांचं ऐकूनही घेत. निदान घेत असं म्हणतात. या गोष्टीत मात्र एकाने वेळेवर ऐकलं नाही, म्हणून तर ती तुम्हाला सांगायची. लहानांनी नीट ऐका. मोठ्यांनी जरा जास्तच नीट ऐका.

एका राज्यात दोन डोंगर समोरासमोर उभे होते. मधली दरी एवढी खोल, की वरून टाकलेल्या धोंड्याचा आवाज परत यायचाच नाही. अलीकडच्या डोंगरावर शेती आणि गुरंढोरं. पलीकडे बाजार, वैद्य, राजवाडा आणि अलीकडच्या निम्म्या लेकींची सासरं. दरीतून वाट नव्हती. पलीकडे जायचं तर एकच उपाय होता, सारसाच्या पाठीवर बसायचं.

हा सारस साधासुधा नव्हता. उभा राहिला की त्याची सावली अख्खं खळं झाकायची. पाठ अशी रुंद, की तिच्यावर लाकडी अंबारी बांधून आत बैठकांच्या ओळी मांडलेल्या. गावातल्या एका माणसाला तो अंड्यात असतानाच कड्यावर सापडला होता. त्याने ते अंडं घोंगडीत गुंडाळून उबवलं, पिल्लाला हाताने मासे भरवले. त्याला बायको नव्हती, पोर नव्हतं. जे काही होतं ते हे पाखरू. लोक त्याला पाखरवाला म्हणत. सारस त्याला बाबा म्हणे.

दरीच्या मध्यावर दोन सुळके होते आणि त्यांच्यामधून एक अरुंद खिंड. तिथे आडवा वारा असा येई, की भलाभला उडून जावा. खिंड आली की सारस पंख मिटून बाणासारखा आरपार जाई. त्याच्या मानेशी बसलेला पाखरवाला ओरडे, "ओणवे!" की सगळे प्रवासी खाली वाकत, कपाळ गुडघ्यांना टेकवत, आणि वारा त्यांच्या पाठींवरून निघून जाई. पाखरवाल्याने मागे वळून कधी पाहिलं नव्हतं. हाक द्यायची हे त्याचं काम. लोक वाकतच असत.

आता या गावची एक खोड सांगायला हवी. मानपान! सारसाच्या मानेजवळची ओळ मोठ्या मानाची, शेपटाकडची हलकी. कोणी आधी चढायचं यावर रोज सकाळी कड्यावर सभा भरे. पहिला मान एका म्हाताऱ्या आजीच्या घराण्याचा, त्यावर वाद नव्हता. पण तिच्यानंतर पुजारी की पाटील? वरपक्ष की वधूपक्ष? धाकटा जावई पुढे आणि थोरला मागे बसला तर पुढच्या दिवाळीला तोंडं कशी दाखवायची? नाव घेऊन, हात धरून, "या, बसा" म्हटल्याशिवाय कोणी पाऊल उचलत नसे. सगळे रुसवे निघेपर्यंत सूर्य डोक्यावर येई. मग एकदा पलीकडे, तिकडची माणसं घेऊन एकदा अलीकडे, अशी एक फेरी झाली की दिवस संपला.

त्या वर्षी पिकं चांगली आली, लग्नं ठरली, आणि कड्यावर ताटकळणाऱ्यांची रांग गावाच्या वेशीपर्यंत गेली. थंडीत खिंडीवर धुकं उतरलं की काही महिने उड्डाण बंद. त्यामुळे जो तो घायकुतीला आलेला. तक्रार राजाच्या कानावर गेली. राजाचा कारभारी आला, त्याने रांग पाहिली आणि पाखरवाल्याला बोलावलं.

"धुकं उतरायच्या आत ही रांग संपली पाहिजे," कारभारी म्हणाला. "एक जरी माणूस कड्यावर उरला, तरी पाखरू राजवाड्यात जमा. मग महाराजांची माणसं त्याला चालवतील."

घरी जाऊन पाखरवाल्याने भाकरी मोडली, पण घास उतरेना. सारसाशिवाय अंगण कसं दिसेल, हे त्याला डोळ्यांसमोर आणवेना.

दुसऱ्या दिवशी त्याने शक्कल काढली. पाठ रुंद आहे, पाखरू दांडगं आहे, मग ओळी वाढवायला काय हरकत? त्याने शेजाऱ्यांना अंगणात बोलावून एकामागे एक बसवलं. मोजमाप होतंय म्हटल्यावर शेजारी पंगतीला बसावं तसे मांडी ठोकून ताठ बसले. काहींनी तर पोटंही आत घेतली. जिथे एकाचे गुडघे संपले, तिथेच पाखरवाल्याने दुसऱ्याची पाठ धरली आणि खडूने रेघा मारल्या. त्या रेघांवर बैठका ठोकल्या. जुन्या जाड गाद्या काढून पातळ तरट घातलं. बघता बघता आधीच्या ओळींच्या मध्ये नव्या ओळी उभ्या राहिल्या. मानेजवळची मानाची ओळ तेवढी त्याने होती तशीच ऐसपैस ठेवली. तिला हात लावायची छाती कुणाची होती!

सारस मान वळवून हे सगळं बघत होता. "बाबा, ओझ्याचं मला काही नाही," तो म्हणाला. "पण इतक्या दाटीत माणसं हलणार कशी?"

"अरे, घटकाभराचा तर प्रवास," पाखरवाला खिळा ठोकत म्हणाला. "घटकाभर कुणाला हलायचंय?"

सारसाने मान पुन्हा पुढे वळवली. बाबांशी वाद घालायची त्याला सवय नव्हती.

पहिले काही दिवस गाव खूश होतं. रांग सरकायला लागली. आत मात्र कोपर कुणाचं आणि बरगडी कुणाची हे कळायला मार्ग नव्हता. पुढच्याचं पागोटं मागच्याच्या तोंडात, मागच्याचे गुडघे पुढच्याच्या पाठीत. एका जाडजूड सावकाराला तर बसवताना दोघांनी दाबलं आणि उतरवताना चौघांनी ओढलं. लोक हसत, कुरकुरत, पण जात. वारा त्या दिवसांत पडलेला होता. खिंडीत "ओणवे!" म्हटल्यावर मागे कुणाला धड वाकता येत नाही, हे पाखरवाल्याला कळलंच नाही.

मग एका दुपारी वारा उठला.

खिंड जवळ आली. सुळक्यांमधून घोंघावणारा आवाज यायला लागला. पाखरवाल्याने हाक दिली, "ओणवे!" आणि रोजच्यासारखा स्वतः वाकला. मानाच्या ओळीतली आजीही वाकली. पण तिच्या मागून एक किंकाळी आली. तिने तशीच मान वळवून पाहिलं. मागच्या साऱ्या ओळी खुंटासारख्या ताठ बसल्या होत्या. वाकायला जाणाऱ्याचं कपाळ पुढच्याच्या पाठीवर आपटत होतं. एका बाईच्या मांडीवर तान्हं मूल होतं आणि तिला त्याच्यावर ओणवंही होता येत नव्हतं. आजीने हात लांबवून ते मूल ओढून घेतलं आणि पोटाशी धरलं.

"अरे पाखरवाल्या, मागे बघ!" आजी ओरडली.

पाखरवाल्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदा मागे पाहिलं. त्याच क्षणी सारसानेही मागे पाहिलं. मिटत आणलेले पंख त्याने पुन्हा उघडले. ते मिटले असते, तर त्या वेगात ताठ बसलेली माणसं वाऱ्याने उचलून दरीत फेकली असती. सारस पंख पसरून सावकाश, तोल सांभाळत खिंडीत शिरला. खिंड त्याच्या पंखांपेक्षा अरुंद होती. उजवा पंख सुळक्यावर घासत गेला. मोठाली पिसं काडकाड मोडली, दगडावर रक्ताची रेघ उमटली, पण सारसाने पंख आखडला नाही.

पलीकडे उतरल्यावर माणसं एकमेकांना धरून खाली आली. मूल आईकडे गेलं. सगळे सुखरूप होते. पाखरवाला मात्र सारसाच्या पंखाखाली जाऊन बसला आणि लहान पोरासारखा रडला.

"लेकरा, तू मला विचारलं होतंस," तो म्हणाला. "मी ऐकलं नाही."

"रडू नका, बाबा," सारस म्हणाला. "पंख भरून येईल. माणसं कुठून आणली असती?"

वैद्याने लेप लावला, पंख बांधला. चार-आठ दिवसांनी पंख पेलवू लागला, तेव्हा एका पहाटे सारस फक्त पाखरवाल्याला आणि आजीला घेऊन, हळूहळू उडत अलीकडे आला. कड्यावर रांग पुन्हा वाढली होती. कारभारीही येऊन उभा होता. पाखरवाल्याने कुणाला नमस्कार-चमत्कार केला नाही. सरळ अंबारीवर चढला आणि वाढवलेल्या बैठका उपसून खाली टाकायला लागला.

"हे काय चाललंय?" कारभाऱ्याने विचारलं. "अशाने रांग कशी संपणार? हुकूम विसरलास?"

"नाही विसरलो, सरकार." पाखरवाल्याचे हात थांबले नाहीत. "पाखरू न्यायचं तर न्या. मला ते जिवापेक्षा प्यारं आहे, म्हणूनच सांगतो, माणसं कोंबून मी ते पुन्हा उडवणार नाही. महाराजांच्या माणसांनाही तेवढं सांगा."

तेव्हा सारसाने मान खाली आणली.

"बाबा, एक विचारू? मी रोज सकाळपासून दुपारपर्यंत इथे नुसता उभा का असतो?"

"म्हणजे?"

"उडून मी दमत नाही. उभं राहून माझे पाय दुखतात. उजाडताच निघालो तर माझ्या दुप्पट फेऱ्या होतील. पण तुमची आधी कोण आणि मागून कोण ही बोलणी संपतच नाहीत."

कड्यावर कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना. पुजारी जानवं सारखं करू लागला. पाटील मिशीला हात लावून उगाच दूर बघू लागला. इतकी साधी गोष्ट, पण त्या पाखराला आजवर कुणी विचारलीच नव्हती!

तेवढ्यात आजी काठी टेकत पुढे झाली. पहिला मान तिचा, त्यामुळे सगळ्यांना वाटलं, ही आता चिडणार. ती चिडलीच होती.

"माझ्या मानाच्या जागेवर मी ऐसपैस वाकले," ती म्हणाली, "आणि माझ्या मागे एक लेकुरवाळी वाकू शकली नाही. जळला मेला तो मान!"

असं म्हणून ती शिडी चढली, पहिल्या ओळीकडे पाहिलंही नाही, आणि थेट शेपटाकडच्या शेवटच्या बैठकीवर जाऊन बसली. "या रे, जो येईल तो बसेल," ती वरून ओरडली. "वाट कुणाची बघताय, अक्षतांची?"

आजीच शेवटच्या जागेवर बसल्यावर पुढच्या जागेसाठी भांडायला तोंड कुणाला राहिलं? आधी एक गुराखी चढला. मग एक नवरी चढली, तिच्या मागे सासू, सासूच्या मागे गावचा न्हावी. पुजारी आणि पाटील एकमेकांना "तुम्ही आधी, तुम्ही आधी" म्हणत राहिले, तेव्हा मागच्याने दोघांनाही वर ढकललं. ऊन चढायच्या आत सारसाने झेप घेतली. खिंडीत हाक झाली, तेव्हा पाखरवाल्याने आधी मागे वळून पाहिलं. सगळ्या पाठी वाकलेल्या होत्या. मगच तो वाकला.

गाव दुपारचं जेवायला बसायच्या आत सारस परत कड्यावर हजर होता, दुसऱ्या फेरीसाठी!

त्या दिवसापासून रोज दोन फेऱ्या होऊ लागल्या. गंमत अशी, की माणसं पाय मोकळे सोडून बसत होती, आणि तरी दाटीच्या दिवसांपेक्षा रांग जास्त भरभर सरकत होती. धुकं दरीतून वर चढायला लागलं, तेव्हा शेवटची फेरी उभी होती. कड्यावर फक्त कारभारी उरला होता. तो छाती पुढे काढून, कुणी नाव घेऊन बोलावील याची वाट बघत होता.

"सरकार, जागा आहे," पाखरवाला अंबारीतून म्हणाला. "आणि तुमच्याच हुकमाप्रमाणे एकही माणूस कड्यावर उरायला नको. तुम्ही उरलात तर माझं पाखरू जाईल हो!"

अंबारीत हशा पिकला. कारभाऱ्याला राग यायला हवा होता, पण त्यालाही हसू आवरलं नाही. त्याने धोतराचा सोगा खोचला, शिडी चढला आणि एका कुंभाराच्या शेजारी रिकामी जागा होती तिथे बसला.

पलीकडे राजवाड्यात राजाने विचारलं, "पाखरू कुठे आहे?"

"जिथे असायला हवं तिथेच, महाराज," कारभारी म्हणाला. "आणि कड्यावर कुणीही नाही."

राजाने हुकूम मागे घेतला. शेवटची माणसं उतरवून परतलेला सारस थंडीभर धुक्यात पाखरवाल्याच्या अंगणात बसून राहिला. मोडलेल्या पिसांच्या जागी नवी कोवळी पिसं फुटत होती. पाखरवाला रोज त्यांना तेल लावी आणि लावताना विचारी, "दुखत तर नाही ना?" मग उत्तर मिळेपर्यंत थांबे.

म्हणून सांगतो, दुसऱ्याला आखडून बसवल्याने जागा वाढत नाही. आपला तोरा थोडा आवरला, की सगळ्यांना पुरेल एवढी जागा होते.