पुढे पळणारी गिटार

एकदा एका वृद्ध गिटारवादकाकडे त्याची शिष्या भर दुपारी गिटार आणि लॅपटॉप घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, की माझे हात आता काही कामाचे राहिलेले नाहीत. वृद्धाने तिला पाणी दिले. तिने ते घेतले नाही.

तिची अडचण अशी होती. तिची मैत्रीण शलाका गाणारी. दोघींनी सहा वर्षे एकत्र कार्यक्रम केले होते. मग शलाकाच्या घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्रच काढावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात शलाका एक गाणे रेकॉर्ड करायला आली. एकत्रच करू या, असा तिचा हट्ट होता. पण शिष्येच्या लॅपटॉपला ते पेलत नव्हते. तार छेडली की सूर आधी लॅपटॉपमध्ये जाई, तिथे त्यावर घुमारा, प्रतिध्वनी असे इफेक्ट चढत, आणि मग तो हेडफोनमधून कानावर येई, क्षणाचा एक बारीक तुकडा उशिरा. इफेक्ट जितके जास्त, तितका उशीर जास्त. त्यामुळे कानाला सूर वेळेवर यावा म्हणून ती तार आधीच छेडू लागली होती. इफेक्ट काढून टाकायला मात्र ती तयार नव्हती. त्यांच्यावाचून तिला आपला हात उघडा पडल्यासारखा वाटे. म्हणून ती शलाकाला म्हणाली, "तू आधी गाऊन घे, माझं मी नंतर लावते." शलाका एकटी गायली. आता तिचा तो आवाज फक्त त्या लॅपटॉपमध्ये उरला होता.

रविवारी शलाका इस्पितळातून घरी येणार होती. गाणे तयार ठेव, असे तिने फोनवर लिहून कळवले होते. आज शनिवार होता, आणि चाळीस वेळा वाजवूनही गिटार प्रत्येक वेळी आवाजाच्या पुढे पळत होती.

वृद्धाने सगळे ऐकून घेतले आणि संथपणे समजावले, की रेकॉर्ड करताना सूर कोरा ठेवावा, इफेक्ट मागाहून चढवावेत, आणि वाजवताना लॅपटॉपमधून परत येणारी गिटार ऐकूच नये. लाकडातून येते ती ऐकावी.

"ते मी मंगळवारीच केलं, सर," शिष्या म्हणाली. "एवढं मलाही येतं. मशीनचा उशीर गेला. गिटार तरी पुढेच पळते. काही दुरुस्त करता येत असेल तर करा, उपदेश नको."

तेव्हा वृद्धाने एक चमत्कारिक गोष्ट केली. तिच्या हातातली गिटार काढून घेतली, कव्हरमध्ये घातली, चेन ओढली आणि स्वतःच्या मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाला, "आता लॅपटॉपवर नुसता आवाज लाव. शलाका जिथे श्वास घेते, तिथे मान हलव."

शिष्या चिडली. संध्याकाळ होत आली होती आणि यांना खेळ सुचत होते. तरी तिने आवाज लावला. पहिल्या ओळीच्या शेवटी तिने मान हलवली; श्वास त्यानंतर आला. दुसऱ्या ओळीलाही तेच. ध्रुवपद तर तिला झोपेतही पाठ होते, पण तिथेही मान आधी हलली आणि श्वास मागून आला. तिसऱ्या कडव्यात तिने मान हलवणेच सोडून दिले.

वृद्ध म्हणाला, "मशीनच्या उशिरानं तुला जास्त पळायला लावलं, हे खरं. पण खोड जुनी आहे. तुमच्या पहिल्या कार्यक्रमापासून मी बघतोय. तू पुढे निघायचीस, आणि शलाका श्वास अर्धाच घेऊन तुला गाठायची. लोक म्हणायचे, काय जुळलंय यांचं. जुळवत ती एकटी होती. या गाण्यात मात्र ती पहिल्यांदाच पुरा श्वास घेऊन गायली आहे. हा आवाज आता तुला गाठायला येणार नाही."



"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" शिष्येने विचारले.

"वाटलं, तुझं तुला कळेल."

"कळलं की. आता काय करू त्याचं?"

 वृद्धाने मान खाली घातली आणि गिटार तिला परत दिली.

रविवारी शिष्येने शलाकाला नुसता कोरा आवाज ऐकवला. शलाकाने डोळे मिटून तो शेवटपर्यंत ऐकला आणि फोनवर लिहिले, "यात तू कुठे आहेस?" शिष्या त्या अक्षरांकडे बघत राहिली. मग तिने सांगितले, की चाळीस वेळा वाजवून पाहिले, पण तुझ्याबरोबर राहणे मला जमले नाही.  शलाकाने गाणे पुन्हा पहिल्यापासून लावले, आणि दोघी ऐकत बसल्या.

आपल्याला सांभाळून घेणाऱ्याचा श्वास किती तोकडा पडतो, हे तो गात असतानाच ऐकायचे असते. आणि ज्या वडीलधाऱ्यांना ते दिसत असते, त्यांनी ते वेळेत बोलावे.