तांबड्या बेटाचा म्होरक्या

"घराघरातलं दळायचं जातं उचलून न्याल तर लोक उठतील," असं गोजरानं चार वेळा सांगितलं होतं. कुणाला खरं वाटलं नाही. नवरा म्हणाला, "दगडासाठी कोण उठतंय?" गव्हर्नरचा कारकून तर फिदीफिदी हसला.

आता उठले ना! पोटासाठी गलबतातून तांबड्या बेटावर वस्तीला आलेले सगळे गरीबगुरीब मुसळं घेऊन गव्हर्नरच्या बंगल्याला वेढा घालून बसले. हुकूमच तसला होता. दळायचं ते सरकारी गिरणीतच, आणि चौथाई पीठ साहेबाला ठेवायचं.

गव्हर्नर ॲम्ब्रोज क्लटरबक साहेबाला मराठी छान येत होती, फक्त कुणाचं ऐकून घेता येत नव्हतं. व्हरांड्यातून तो गरजला, "दुपारच्या तोफेच्या आत म्होरक्या पुढे उभा करा. नाहीतर जमिनी काढून घेतो आणि सगळ्यांना परत गलबतात भरतो."

म्होरक्या आणायचा कुठून? तसा कुणी नव्हताच. बाप्ये माना खाली घालून बसले. गोजरा पदर खोचून पायऱ्या चढली.

"मी देते म्होरक्या. शिक्षा काय त्याला?"

"एक दिवस बैलाच्या जागी गिरणीला जुंपीन. बाकीच्यांना माफी."

"कुणी का असेना?"

"कुणी का असेना. माझा शब्द आहे."

"मग ऐका. आम्ही इथं आलो तेव्हा घाटावरची बाई कोकणातलीशी बोलत नव्हती. ही तिच्या भाकरीला नावं ठेवायची, ती हिच्या बोलण्याला. पहाटे जी ती आपल्या जात्यापाशी. दुःख ओवीत घालायचं, दगडाला सांगायचं आणि गप्प बसायचं. असल्या लोकांचा उठाव होतो का?"

"मुळीच नाही."

"मग एका माणसानं आमची जाती नेली आणि साऱ्याजणींना गिरणीपुढं एका रांगेत उभं केलं. रोज दोन-दोन तास! शेजारी दगड नव्हता, बाई होती. जात्याला सांगायचं ते एकमेकींना सांगितलं. महिन्याभरात तीन सोयरिकी जुळल्या, तिथं उठावाचं काय घेऊन बसलात? आम्हाला एकत्र आणणं देवालाही जमलं नव्हतं. ज्यानं आणलं तोच म्होरक्या. त्याच्या सहीचा कागद गिरणीच्या दारावर चिकटवलाय, बघून या."

साहेब लालबुंद झाला. मग त्याच्या मिशा थरथरल्या, आणि तो असा हसत सुटला की खुर्ची धरून खाली बसला.

"सगळ्यांची जाती परत करा," तो म्हणाला. "आणि गिरणीचे बैल या बाईंना देऊन टाका. उद्या बैलांची जागा मला लागणार आहे."

कारकुनानं दौत उघडली. "साहेब, म्होरक्या म्हणून नाव कुणाचं लिहू?"

डोळे पुसत साहेब म्हणाला, "लिही. ॲम्ब्रोज क्लटरबक."