विमानाचा पहिला ओरखडा

एका राज्यात विमानं होती, विमानांना लेप होता, आणि त्या लेपाला जीव होता. उडता उडता चीर पडली, तर ती आपोआप भरून येई. पण एक रीत होती. पहिल्या उड्डाणाआधी स्वाराने आपल्या नखाने लेपावर ओरखडा काढायचा; तो मिटला की मगच उडायचं.

तिथल्या राजा वीरबाहूची एकुलती एक लेक केतकी. करालदंत मांत्रिकाने तिला शापलं, आणि पोर पावलांपासून दगड होऊ लागली. उतारा एकच. दगड गळ्यावर चढायच्या आत तीन आकाशांपलीकडच्या झऱ्याशी जाऊन पाणी प्यायचं.

राणी शाल्मलीने स्वतः विमानाला लेप दिला. म्हणाली, "महाराज, ओरखडा काढा."

"ज्यात माझी लेक बसणार, त्याला मी नख लावू? मुळीच नाही!"

"रीत मोडू नये, महाराज."

पण आधीच भ्यालेला बाप, त्यात राजा! ऐकतो कुणाचं? लेकीला मांडीवर घेतलं, बोलती टिटवी खांद्यावर बसवली, आणि निघाला.

पहिल्या आकाशात गारा. एक गार बसली नि लेपाला चीर पडली. चीर काही मिटेना. दुसऱ्या आकाशात वाळूचं वादळ. चिरेची भेग झाली. तिसरं आकाश आगीचं. भेगेतून ज्वाळा आत शिरली नि केतकीची वेणी करपली. दगड छातीपर्यंत चढला होता.

"आबा, मला भीती वाटते हो!"

टिटवी बोलली, "राजा, या लेपाला जखम ठाऊकच नाही. तो भरून यायचा कसा? नख लाव."

"आणखी फाटलं तर?"

"नाही लावलंस तर जळालोच."

राजाने भेगेतून हात बाहेर, आगीत घातला आणि लेपावर ओरखडा काढला. लेप शहारला. राजाने भाजलेला हात आत ओढला. ओरखडा मिटला, मग भेगही मिटली. आग बाहेर राहिली.

झऱ्याशी उतरले, तेव्हा दगड गळ्याला टेकत होता. राजाने ओंजळ तिच्या ओठांना लावली. पाणी खाली उतरलं, तसा दगडही उतरला. तिकडे करालदंत उभ्या जागी दगड झाला. उलटलेला शाप असाच फिरतो.

राजवाड्याशी विमान टेकलं, तशी केतकी आईकडे धावत सुटली आणि धाडकन पडली. गुडघा फुटला. राजा घाबरून पळत गेला.

"रक्त आलं, महाराज!" राणी हसता हसता रडू लागली. "दगडाला कुठं रक्त येतं?"

राजाने भाजलेल्या हाताने लेकीची धूळ झटकली.

"जा, पळ," तो म्हणाला. "भरून येईल."