राजाचं पारणं आणि जड झालेलं ॲप

सकाळचे सात वाजून बारा मिनिटं झाली आणि भिवराच्या फोनवर हत्ती निघाला. तिच्या तान्ह्या लेकीला सणकून ताप भरला होता. राजवैद्यांना दाखवायचं तर नंबर राजाच्या ॲपवरच घ्यायचा, आणि ॲप उघडलं की आधी राजा गर्जनसिंहाची अख्खी मिरवणूक बघावी लागे. हत्ती, मग बँड, मग कारंजी. मग पिवळ्यावर सोनेरी, मोहरीएवढी अक्षरं. ती लागतायत तोवर पाटी यायची, ‘वेळ संपली. पुन्हा सुरुवात करा.’ की परत हत्ती! एका गालाला लेक आणि दुसऱ्या गालाला फोन लावून पाहिला, तरी जास्त ताप कुणाला ते भिवराला कळेना. तिच्या सासऱ्यांना दिसत नसे. त्यांचा फोन अक्षरं वाचून दाखवायचा, पण या ॲपात शिरल्यावर तो बिचारा ‘चित्र, चित्र, चित्र’ एवढंच म्हणत राहिला.

भिवरा राजाकडे वाढपीण होती. लेक कडेवर घेतली, सासऱ्यांचा हात धरला आणि तडक राजवाडा गाठला. राजवैद्य दारातच बसले होते. पोर बघून त्यांचा जीव कळवळला, पण नंबराशिवाय नाडी बघायची नाही असा हुकूम. हात आपोआप पुढे जाऊ नयेत म्हणून ते स्वतःच्या हातांवरच बसले.

भिवराने राजापुढे पदर पसरला. ॲप फार जड झालंय, त्याची यंत्रं गार ठेवायला गावतळं उपसलं जातंय, म्हशी चिखलात उभ्या राहून राजवाड्याकडे बघत बसतात, असं सगळं तिने सांगून टाकलं. राजा फुरफुरला. हत्ती त्याचा फार लाडका होता.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “माझं पारणं होईस्तोवर ॲप हलकं करून दाखव. तुझ्या सासऱ्यालाही ते वापरता आलं पाहिजे. पण मी सांगितल्याशिवाय त्यातलं काहीही काढायचं नाही. नाही जमलं, तर तुझ्या घराला नंबर कधीच नाही.”

राजाचा कालचा एकादशीचा उपास निर्जळी होता, आणि आठ वाजता द्वादशी संपत होती. त्याच्या आत घास पोटात जायला हवा. भिवराने लेक सासऱ्यांच्या मांडीवर दिली. ॲपच्या कारागिराला बजावलं, महाराज बोलतील ते त्याच क्षणी ॲपात करायचं. मग राजाचा पाट अंगणात, थेट उन्हात मांडला.

ताटाआधी हत्ती आला, खराखुरा. तो म्हातारा होता, सावकाश गेला. मागून बँड. मग सेवकांनी लोट्यांनी कारंजी उडवली आणि राजा भिजला. शेवटी ताट आलं. त्यावर पितळी झाकण, झाकणावर बारीक सोनेरी अक्षरं.

“काय लिहिलंय हे?”

“वाचावं महाराज.”

राजा एवढा वाकला की नाक झाकणाला टेकलं. तेवढ्यात भिवराने ताट उचललं. “वेळ संपली. पुन्हा सुरुवात करा.”

हत्ती परत निघाला.

“हत्ती काढा!” राजा ओरडला. कारागिराने बटण दाबलं. मग बँड काढा, कारंजी काढा असे हुकूम सुटत गेले आणि बटणं दाबली जात राहिली. “अक्षरं मोठी करा, काळी करा! घाई लावू नका मला! आणि आत काय आहे ते तोंडाने सांगायला काय होतं?”

कारागिराने उरलेली बटणंही दाबली. भिवराने झाकण काढलं. “वरणभात, तूप आणि आवळ्याचं लोणचं, महाराज.”

आठच्या ठोक्याआधी घास तोंडात गेला. तेवढ्यात कोपऱ्यातून सासऱ्यांचा फोन स्वच्छ आवाजात बोलला, ‘राजवैद्य. नंबरासाठी इथे दाबा.’ सासऱ्यांनी दाबलं. ‘तुमचा नंबर पहिला.’ हे वाक्य पुरं व्हायच्या आत वैद्यांनी पोरीची नाडी धरली होती.

राजा भरल्या तोंडाने म्हणाला, “पण काही काढायचं नाही, असं ठरलं होतं ना?”

“मी कुठे काय काढलं महाराज? हत्ती तुम्हीच काढलात. मी तर त्याला दुसऱ्यांदा बोलावत होते.”

राजा इतका हसला की भात नाकात गेला. त्याने खूश होऊन तो रिकामा झालेला हत्तीच भिवराला बक्षीस दिला. तिने घाबऱ्या घाबऱ्या घरातली जागा डोळ्यांपुढे आणली आणि म्हणाली, त्यापेक्षा तळ्याचं पाणी तळ्यात राहू द्या. राजाने उपसा बंद केला, वर तळ्याकाठची जमीनही तिच्या नावे केली. लेकीचा ताप उतरला, आणि हत्ती आता म्हशींच्या शेजारी डुंबतो.

तेव्हा तुमच्या आळीत कुणाचं लेकरू तापलं असेल, तर एवढा निरोप द्या: नंबर आता लगेच मिळतो, आणि फोन गार राहतो.